उल्कांचा वर्षाव आणि आमचा उजेड

एखाद्या समाजाची बुद्धी कितपत जागी आहे हे पाहावयाचे असेल, तर त्याच्या शाळांची संख्या किंवा त्याच्या पेठांतील उलाढाल मोजण्यापूर्वी एक साधी परीक्षा घ्यावी. भर रात्री आकाशातून एकाएकी प्रखर तेजाचा गोळा हिरवापिवळा रंग दाखवीत सरकत गेला, तर तो समाज काय करतो? भिऊन हात जोडतो, ऐकीव गोष्टीला तिखटमीठ लावून ती चार घरी सांगत सुटतो, की घड्याळ पाहून वेळ टिपतो आणि 'हे काय असावे?' असा प्रश्न स्वतःस विचारतो? ही परीक्षा निसर्ग आपली दरसाल घेत असतो, आणि तीही तारीख आगाऊ कळवून! डिसेंबर महिन्याच्या १३ व १४ तारखांमधील रात्री मिथुन राशीच्या बाजूने जो उल्कावर्षाव होतो, तो वर्षातील सर्वांत भरघोस वर्षावांपैकी एक होय. नवी मुंबईतील किती नागरिक त्या रात्री मान वर करून पाहतात, आणि पाहिल्यास त्यांस काय दिसते, हा वरवर क्षुल्लक भासणारा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत. कारण त्याच्या पोटात दोन मोठे प्रश्न दडलेले आहेत. एक आमच्या डोक्यातील अंधाराचा, व दुसरा आमच्या रस्त्यांवरील उजेडाचा.

प्रथम वस्तुस्थिती काय ती पाहू. 'तारा तुटला' असे आपण म्हणतो खरे, पण तारा कधी तुटत नाही. तारा हा दुसरा सूर्य होय. तो आपल्या अंगणात पडावयास मोकळा नाही. जे तुटल्यासारखे दिसते तो वाळूच्या कणाएवढा किंवा फार तर वाटाण्याएवढा एक खडा असतो. धूमकेतू सूर्याभोवती फिरताना आपल्या वाटेवर धुळीचा पट्टा सांडून जातात, आणि पृथ्वी आपल्या वार्षिक प्रदक्षिणेत ठराविक दिवशी त्या पट्ट्यातून जाते. ऑगस्टातील ययातीच्या उल्का स्विफ्ट-टटल या धूमकेतूच्या आहेत. या धूमकेतूची फेरी सुमारे १३३ वर्षांची असून १९९२ साली तो सूर्याजवळ येऊन गेला. नोव्हेंबरातील सिंहेच्या उल्का टेम्पल-टटल या धूमकेतूच्या. त्याची फेरी सुमारे ३३ वर्षांची. मिथुनेच्या उल्कांचे मूळ मात्र दीर्घकाळ कोडेच होते. त्या १८६२ सालापासून नोंदल्या गेल्या, पण त्यांचा जनक सापडावयास १९८३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एका कृत्रिम उपग्रहाने टिपलेल्या चित्रांत फेथन नावाचा, पाचसहा किलोमीटर रुंदीचा खडकाळ लघुग्रह आढळला, आणि त्याची कक्षा या उल्कांच्या कक्षेशी तंतोतंत जुळली. हा लघुग्रह सुमारे दीड वर्षात सूर्याची एक फेरी पुरी करतो व त्या फेरीत बुधाहूनही सूर्याच्या अधिक जवळ जातो. खडकाचे कण धूमकेतूच्या भुसभुशीत धुळीहून घट्ट, म्हणून मिथुनेच्या उल्का पुष्कळदा तेजस्वी असतात व काही क्षण टिकून राहतात.

या उल्का सेकंदास सुमारे ३५ किलोमीटर वेगाने येतात. वाशीहून पुण्यास सरळ रेषेत जावयाचे म्हटले तर तीन सेकंद पुरतील, असा तो वेग! एवढ्या वेगाने वातावरणात शिरल्यावर भूमीपासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर तो कण आणि त्याच्या वाटेतील हवा तापून प्रकाश देऊ लागतात. रंग येतात ते यातूनच. दिवाळीच्या दारूकामातील हिरवा रंग बेरियमचा, तांबडा स्ट्राँशियमचा, हे शोभेच्या दारूच्या व्यापाऱ्यास सांगावयास नको. तोच न्याय आकाशातील दारूकामासही लागू आहे. सोडियमाने पिवळी-नारिंगी छटा येते, मॅग्नेशियमाने निळसर हिरवी, कॅल्शियमाने जांभळट, लोखंडाने पिवळी. आणि वातावरणातील नायट्रोजन व प्राणवायू तापून तांबडी झाक मिसळते. शुक्राच्या चांदणीहूनही अधिक तेजाची जी उल्का, तिला अग्निगोल म्हणतात. अशा एका क्षणिक रेषेतून जाणत्या मनुष्यास दूरच्या खडकाचे रसायन वाचता येते. अजाण मनुष्यास तीतून अपशकुन वाचता येतो. रेषा एकच; भेद वाचणाऱ्याचा.

आमच्या पूर्वजांनी या रेषा पाहिल्या नव्हत्या असे कोणी समजू नये. इसवी सनाच्या सहाव्या शतकात वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत उल्कांच्या लक्षणांस एक स्वतंत्र अध्याय दिला असून धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे त्यांचे पाच प्रकार पाडले आहेत. आकार, तेज, शेपूट व आवाज यांवरून वर्गवारी करण्याचा हा प्रयत्न त्या काळास भूषणावह होता. परंतु स्वर्गातील पुण्य सरलेले जीव खाली पडताना असे दिसतात, आणि अमुक उल्केने राजाचा नाश तर तमुक उल्केने प्रजेस पीडा, हा मजकूरही त्याच अध्यायात आहे. निरीक्षण आणि फलादेश हे दोन धागे तेथे एकत्र वळलेले आहेत. पुढील हजार वर्षांत आम्ही काय केले? निरीक्षणाचा धागा हातातून सोडून दिला आणि फलादेशाचा घट्ट धरून बसलो! 'तारा तुटला म्हणजे कोणी तरी गेले' एवढाच काय तो वराहमिहिराचा वारसा आमच्या घरोघरी शिल्लक राहिला. पूर्वजांचा खरा अभिमान ज्यास असेल, त्याने त्यांचे निरीक्षण पुढे चालवावे. त्यांच्या चुका जपून ठेवणे ही पितृभक्ती नव्हे. कोकणातील मुरूड गावी जन्मलेल्या, शिक्षकाचा पेशा करणाऱ्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध केला, तो जुन्याचा आदर आणि जुन्याची चिकित्सा या दोहोंचा मेळ कसा घालावा याचा धडाच होय.

येथे सुशिक्षितांनी खेडुतास हसण्याची घाई करू नये. आकाशातून दगड पडतात हे शेतात राबणारी माणसे शतकानुशतके सांगत होती, आणि त्यांस वेडगळ ठरविणारे पुष्कळदा विद्वानच होते. अठराव्या शतकात युरोपातील अनेक मोठमोठे पंडित 'आकाशात दगडच नाहीत, तर ते पडतील कोठून?' असे म्हणून मोकळे होत असत. १७९४ साली क्लाड्नी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने असे दगड अंतराळातून येतात असे प्रतिपादन केले, तेव्हा त्याची चेष्टा झाली. पुढे १७९८ च्या डिसेंबरात आपल्या काशीजवळ प्रचंड प्रकाशासह दगड पडले. ते इंग्लंडात पोचून एडवर्ड हॉवर्ड याने इतर ठिकाणच्या अशाच दगडांबरोबर त्यांचे पृथक्करण केले; १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या परीक्षेत दूरदूरच्या या दगडांतील लोहकणांत सारखेच निकेल आढळले. दुसऱ्याच वर्षी फ्रान्सात लेग्ल गावी दगडांचा पाऊस पडला, बियो या शास्त्रज्ञाने गावोगाव हिंडून साक्षी घेतल्या, आणि वाद मिटला. यावरून दोन बोध घ्यावयाचे. केवळ गावकरी सांगतो म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही, आणि केवळ पंडित नाकारतो म्हणूनही ती खोटी ठरत नाही. ती खरीखोटी ठरते ती परीक्षेने. अंधश्रद्धा ही अशिक्षिताचीच मिरास आहे असे ज्यास वाटते, त्याने हा इतिहास पुनःपुन्हा वाचावा.

आमच्या महाराष्ट्रातच या परीक्षेचे प्रसंग अलीकडे येऊन गेले. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे भर दुपारी मोठ्या आवाजासह आकाशातून दगड पडले. लोकांनी ते वेचले, शास्त्रज्ञांच्या हाती ते पोचले. आणि पृथ्वीच्या पोटात अतिखोल भागी विपुल असलेले, परंतु आपल्या हाती नैसर्गिक स्थितीत क्वचितच लागणारे ब्रिजमनाइट हे खनिज त्या दगडात सापडल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. एखाद्या गावकऱ्याने तो दगड शेंदूर फासून झाडाखाली ठेवला असता तर हे ज्ञान शेंदराखालीच राहिले असते.

दुसरा प्रसंग २ एप्रिल २०२२ चा. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. संध्याकाळी विदर्भ, खानदेशापासून मध्य प्रदेशापर्यंत लोकांनी आकाशात जळते गोळे एका रांगेत, सावकाश जाताना पाहिले. पाहता पाहता भ्रमणध्वनींवर संदेशांचा पूर आला. कोणी उल्कावर्षाव म्हणाले, कोणी विमान पेटले म्हणाले, कोणी शत्रूचे अस्त्र म्हणाले. इकडे चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी धातूचे एक भले मोठे कडे येऊन पडले, आणि आसपासच्या भागात गोलाकार टाक्याही सापडल्या. पुढे अभ्यासकांनी ताळा जमविला तेव्हा ते २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेल्या एका चिनी अग्निबाणाचे अवशेष असल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे ना उल्का, ना विमान, ना अस्त्र. सुदैवाने कोणाच्या डोक्यावर ते कडे पडले नाही. परंतु त्या रात्री अफवा ज्या वेगाने पसरल्या, तो वेग पाहता, अशीच घटना जातीय तणावाच्या किंवा युद्धाच्या प्रसंगी घडली असती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येक शहाण्या माणसाने करावा.

या दोहोंतील भेद ओळखणे कठीण नाही. उल्का अंतराळातून सेकंदास ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते. तिचा खेळ एकदोन सेकंदांत, फार तर पाचसात सेकंदांत आटोपतो. पृथ्वीभोवती फिरणारे मानवी यंत्र कोसळते तेव्हा त्याचा वेग सेकंदास सातआठ किलोमीटर असतो. म्हणून ते क्षितिजाकडून क्षितिजाकडे रेंगाळत, तुकड्या-तुकड्यांची माळ करीत, मिनिटभर किंवा अधिक काळ दिसते. विमानाचे दिवे लुकलुकतात व मागाहून त्याची घरघर ऐकू येते. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली असल्याने ही शेवटची खूण आमच्या नागरिकांनी विशेष ध्यानात ठेवावी. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. अत्यंत प्रखर लोळ दिसला, तर काचेच्या खिडकीशी धावत जाऊ नये. रशियातील चेल्याबिन्स्क येथे १५ फेब्रुवारी २०१३ रोजी असा लोळ फुटला, तेव्हा प्रकाश पाहून लोक खिडक्यांशी गेले, आणि मागाहून आलेल्या हवेच्या धक्क्याने काचा फुटून सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली. प्रकाश आधी पोचतो, आवाज मागून. विजेच्या बाबतीत शाळेत शिकलेला हा धडा वेळेवर आठवणे म्हणजेच शिक्षण.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मिथुनेच्या वर्षावात आदर्श स्थितीत तासास शंभरावर उल्का दिसतात, असे ग्रंथांत वाचून जो वाशीच्या किंवा नेरूळच्या गच्चीवर जाईल, त्याचा विरस झाल्याशिवाय राहणार नाही. त्याच्या डोक्यावर आकाश नसून राखी-नारिंगी रंगाचे एक छत असते. खाडीवरची दमट हवा, हिवाळ्यातील धूर-धुके आणि त्यात मिसळलेला लाखो दिव्यांचा वर फेकलेला उजेड यांचे ते छत. त्यातून बारीक उल्का दिसतच नाहीत. पाच-दहा ठळक अग्निगोल दिसले तर नशीब. १९७० साली सिडको स्थापन झाली तेव्हा या जागी भातखाचरे, मिठागरे आणि आगरी-कोळ्यांची गावे होती. तेथील वडील माणसांस काळोख्या रात्रीची आकाशगंगा आठवते. त्यांच्या नातवंडांस ती पुस्तकातील चित्र म्हणून माहीत आहे. अर्ध्या शतकात आम्ही येथे शहर उभारले, रस्ते केले, पाणी आणले, बाजार आणला. हे सर्व थोर कार्य होय. परंतु त्या व्यवहारात एक वस्तू आम्ही कोणासही न विचारता विकून टाकली, आणि तिची किंमतही वसूल केली नाही. ती वस्तू म्हणजे रात्र.

आमच्या व्यापारी वाचकांस हिशेबाची भाषा अधिक रुचेल, म्हणून हिशेबानेच बोलतो. रस्त्यावरील दिव्याचे काम रस्ता उजळणे हे होय. त्याचा जो प्रकाश आकाशाकडे जातो, तो ना पादचाऱ्यास उपयोगी, ना गाडीवानास, ना दुकानदारास. तरी त्याच्या विजेचे पैसे करदात्याच्या खिशातूनच जातात. दिव्यावर योग्य झाकण बसवून प्रकाश खाली वळविला, तर कमी शक्तीचा दिवाही तेवढाच रस्ता उजळतो. फुटक्या पोत्यातून धान्य सांडत असता 'आमचा माल भरपूर आहे' म्हणून जो व्यापारी फुशारकी मारील, त्याची पेढी किती दिवस चालेल? मध्यरात्रीनंतर बंद दुकानांवर, ओस पडलेल्या मैदानांवर आणि आकाशाकडे तोंड केलेल्या जाहिरातफलकांवर जो उजेड जळत राहतो, तो या फुटक्या पोत्यातला माल होय.

यावर आक्षेप येतील, आणि त्यांतील काहींस वजनही आहे. पहिला आक्षेप सुरक्षिततेचा. अंधारात चोर फावतात, स्त्रियांस रस्त्याने जाणे कठीण होते. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. रस्ते काळोखे करावे असे आम्ही म्हणतही नाही. आमचे म्हणणे एवढेच की डोळे दिपविणारा उजेड म्हणजे चांगला उजेड नव्हे. उघड्या झगझगीत दिव्याने डोळे दिपतात आणि त्याच्याच पलीकडची सावली अधिक गडद होते. चोर त्याच सावलीत उभा राहतो. खाली वळविलेला, सौम्य पिवळसर प्रकाश सावल्या कमी करतो. दुसरा आक्षेप असा की, रस्त्यांवर खड्डे आणि नळांस पाणी अपुरे असता ताऱ्यांची चैन कशास? परंतु दिव्याला झाकण घालण्याने खड्डे बुजविण्याचे काम अडत नाही. उलट वाचलेल्या विजेचे पैसे त्याच कामास लागतील. शिवाय हा प्रश्न केवळ ताऱ्यांचा नाही. ठाणे खाडीचे रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०२२ साली रामसर यादीत गेले. रात्रीच्या झगमगाटाने पक्ष्यांची वाट चुकते आणि माणसांची झोप बिघडते, हे आता सर्वांस ठाऊक आहे. आवाजाच्या उपद्रवावर २००० साली देशभर नियम झाले. उजेडाच्या उपद्रवाचा विचार मात्र त्या मानाने फार मागे राहिला.

हे अशक्य नाही, हे महाराष्ट्रानेच दाखविले आहे. विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पास २०२४ च्या जानेवारीत काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. असा मान मिळविणारे ते भारतातील पहिले उद्यान. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी यांसारख्या आसपासच्या खेड्यांतील दिवे खाली प्रकाश टाकणारे करण्यात आले. खेड्यांस जे साधले ते महानगरपालिकेस साधू नये काय? नवी मुंबई हे व्याघ्रवन नव्हे, हे आम्ही जाणतो. येथे आकाशगंगा परत येईल असे वचन आम्ही कोणास देत नाही. पण आज जेथे दहा तारे दिसतात तेथे शंभर दिसू लागतील, तर तेही थोडे नव्हे.

आणि शास्त्रासाठी शहराने वाट वाकडी केल्याचे उदाहरण तर आमच्या शेजारीच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात असत. विसाव्या शतकाच्या आरंभी घोड्यांच्या ट्रामगाड्या जाऊन विजेच्या येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने वेध बिघडतील ही गोष्ट ध्यानात आली. मग काय झाले? ट्राम अडली नाही, आणि वेधही बुडाले नाहीत. १९०४ साली अलिबागेस लोखंडाचा लवलेश नसलेली नवी वेधशाळा उभी राहिली, दोन वर्षे दोन्ही ठिकाणी बरोबरीने वेध घेऊन मेळ जमविण्यात आला, आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. त्या परंपरेची वारस असलेली भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलीसच आहे. परकी सत्ता असता, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, प्रगती आणि वेध या दोहोंची सोय पाहण्याचे जे शहाणपण दाखविले गेले, तेवढे शहाणपण स्वराज्यात, आपल्याच नगरपालिकेकडे मागणे हे अवास्तव कसे म्हणावे?

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून आमच्याने राहवत नाही. वर्षाव पाहण्याचा उत्तम समय मध्यरात्रीनंतरचा. मिथुन रास रात्री नऊच्या सुमारास पूर्वेस चांगली वर आलेली असते, आणि दोन वाजण्याच्या सुमारास डोक्यावर येते. अशा वेळी घरातील मुलगा 'मित्रांबरोबर जातो' म्हणून निघतो आणि मुलीस 'खिडकीतून काय दिसेल ते पाहा' असे सांगण्यात येते. आकाशाचा अर्धा वाटा मुलींस नाकारण्याचा हा अधिकार आईबापांस कोणी दिला? कॅरोलाइन हर्शेल या बाईने अठराव्या शतकात रात्र रात्र दुर्बिणीशी बसून आठ धूमकेतू शोधले. तिला कोणी खिडकीत बसविले असते तर ते धूमकेतू दुसऱ्याच्या नावावर लागले असते. भीती खरी असेल तर उपाय घरात कोंडणे हा नसून चांगली व्यवस्था करणे हा होय. सोसायटीची गच्ची, शाळेचे पटांगण, आईबाप आणि शिक्षक बरोबर, एवढे पुरे आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून हे काम करीत आली आहे. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीसारख्या ठिकाणी आकाशदर्शनाच्या रात्री भरवून हजारोंस तारे ओळखावयास शिकविले. नवी मुंबईच्या शाळांनी त्यांचा कित्ता गिरवावा.

पाहावयास द्रव्य लागत नाही, दुर्बीणही लागत नाही. दुर्बिणीने उलट दृष्टीचा आवाका कमी होतो. सतरंजी अंथरून उताणे पडावे, दिव्यांकडे पाठ करावी, भ्रमणध्वनी वीस-पंचवीस मिनिटे खिशात ठेवावा, म्हणजे डोळे अंधारास सरावतात. ऑगस्टातील वर्षाव कोकणात ढगांआडच जातो. डिसेंबरचे आकाश मात्र कोरडे असते. २०२६ साली तर अमावास्या ९ डिसेंबरास असल्याने १३ तारखेच्या रात्री चंद्र मध्यरात्रीपूर्वी बराच आधी मावळतो. असा योग दरसाल येत नाही. खारघरच्या टेकड्यांपलीकडे, कर्नाळ्याच्या बाजूस किंवा माथेरानच्या पायथ्याशी गेल्यास शहराहून कितीतरी अधिक दिसेल. ज्यांस जाणे शक्य नाही, त्यांनी गच्चीवरून का होईना, ठळक अग्निगोलांची वाट पाहावी. आणि वाशीच्या घाऊक बाजारात भाजीच्या गाड्या उतरवून घेण्यास जे माथाडी, आडते आणि गाडीवान उत्तररात्री जागे असतात, त्यांस तर ही संधी आयतीच आहे. जे ज्ञान पंडितास झोप मोडून मिळवावे लागते ते त्यांच्या डोक्यावर रोजच तरंगत असते.

दिसले की नोंदावे. वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची, रंग, किती सेकंद टिकले, मागाहून आवाज झाला काय, एवढ्या सहा गोष्टी पुरेत. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते, हे माप प्रत्येकाच्या अंगी जन्मतःच आहे. एकच अग्निगोल पनवेलीहून आणि पुण्याहून पाहिला, तर दोन नोंदींवरून त्याची उंची काढता येते. १७९८ साली जर्मनीत ब्रँडेस आणि बेंझेनबर्ग या दोघा विद्यार्थ्यांनी हेच केले. एकमेकांपासून काही मैलांवर उभे राहून त्यांनी उल्का टिपल्या, आणि त्या ढगांच्या कितीतरी वर जळतात हे प्रथम सिद्ध केले. १३ नोव्हेंबर १८३३ च्या पहाटे अमेरिकेत सिंहेच्या उल्कांचा प्रचंड पाऊस पडला, तेव्हा पुष्कळांस जगबुडी आली असे वाटले. परंतु ऑल्मस्टेड नावाच्या प्राध्यापकाने वर्तमानपत्रातून लोकांस आवाहन केले की, ज्याने जे पाहिले ते कळवावे. गावोगावच्या नोंदी आल्या, त्या त्याने ताडून पाहिल्या, आणि सर्व उल्का आकाशाच्या एकाच बिंदूतून फाकतात हे ठरले. उल्काशास्त्राचा पाया असा सामान्य वाचकांच्या पत्रांवर घातला गेला आहे. आजही आंतरराष्ट्रीय उल्का संघटना अशा नोंदी कोणाकडूनही स्वीकारते. अफवेचा संदेश पुढे ढकलण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात खरी नोंद पाठविता येते. साधन तेच; फरक वापरणाऱ्याचा.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. महानगरपालिकेने आणि सिडकोने यापुढे जो नवा दिवा लावावा तो झाकणाचा व सौम्य प्रकाशाचा असावा, आणि जुने दिवे बदलण्याच्या क्रमाने बदलावेत. व्यापाऱ्यांनी दुकान बंद झाल्यावर फलकाचा दिवा बंद करावा. त्याने गिऱ्हाईक कमी होणार नाही, बिल तेवढे कमी होईल. गृहसंस्थांनी १३ डिसेंबरच्या रात्री निदान गच्चीवरचे दिवे मालवून गच्ची मुलामुलींस मोकळी करून द्यावी. शाळांनी नोंदवही घालावी. आणि आईबापांनी, मुलाने 'तो काय आहे?' असे विचारले असता 'बोट दाखवू नको' असे न म्हणता त्याच्याबरोबर वर पाहावे.

उल्का कोणाच्या मरणाची वार्ता घेऊन येत नाही, आणि कोणाच्या नशिबाची चिठ्ठीही आणीत नाही. ती येते तेव्हा फक्त एक प्रश्न घेऊन येते, आणि उत्तरासाठी दोनतीन सेकंदांहून अधिक थांबत नाही. त्या दोनतीन सेकंदांत आमचे डोळे उघडे असतील, आकाश झाकलेले नसेल आणि मन भ्यालेले नसेल, एवढी तयारी करणे मात्र सर्वस्वी आमच्याच हाती आहे. ती तयारी आम्ही करीत नाही तोवर, रस्त्यांवर कितीही दिवे लावले तरी आम्ही अंधारातच आहोत असे म्हणावे लागेल.